पंचवीस फुटांचं घर

इंडियाना राज्याच्या उत्तरेला एल्कहार्ट नावाची काउंटी आहे. तिथल्या रस्त्यांवर उजाडायच्या आधीच सायकली दिसू लागतात. चालवणारे बरेचसे आमिश पंथाचे: दाढी, गॅलिस, गवती हॅट. मोटार बाळगायची नाही हा त्यांचा नियम, घरी घोडागाडी. आणि ही मंडळी निघालेली असतात मोटारीवरची घरं बांधायला. अमेरिकेत तयार होणाऱ्या दर पाच आरव्हींपैकी चार-एक याच परिसरातल्या कारखान्यांतून बाहेर पडतात. आरव्ही म्हणजे रिक्रिएशनल व्हेइकल. पलंग, शेगडी, फ्रिज, संडास, न्हाणीघर असं सगळं घेऊन पळणारी गाडी. सुतारकाम आमिशांच्या घराण्यातच असतं, हात जलद चालतो. पण त्यांनी बांधलेलं घर रस्त्यावर न्यायला दुसराच कुणी येतो.

गेल्या उन्हाळ्यात त्या दुसऱ्यांत माझी धाकटी बहीण आणि तिचं कुटुंब होतं. न्यू जर्सीतल्या भाड्याच्या घराची मुदत जूनअखेर संपली. मेव्हण्यांची नवी नोकरी कॅलिफोर्नियात, तिथलं घर ऑगस्टच्या एक तारखेपासून मिळणार. सामान मूव्हर्सच्या ट्रकमध्ये रवाना झालं. मधल्या जुलैचं काय करायचं, तर एकमार्गी भाड्यानं आरव्ही घ्यायची आणि देश आडवा पार करत जायचं. भाचा सहा वर्षांचा, भाची तीन. आणि मी, मावशी, पुण्याहून मुद्दाम बोलावलेली. कशासाठी ते मला ओहायोतच कळलं: चार हात पुरे पडत नव्हते.

एल्कहार्टच्या टोल रस्त्यालगत आरव्ही उद्योगाचं एक संग्रहालय आहे. तिथं १९१३ सालचा एक जुना ट्रेलर ठेवलाय, लाकडी पेटीसारखा, फोर्डच्या मॉडेल टी गाडीला जोडायचा. शेजारी १९३१ची, मे वेस्ट या नटीसाठी बनवलेली मोटारगाडी-घर. भाच्यानं दोन्हींत संडास शोधला. नाही म्हटल्यावर त्याचा रस संपला. मला तिथं आठवण झाली ती १९१५ सालच्या कॉंकलिन कुटुंबाची. रोलंड कॉंकलिन हा बस बनवणाऱ्या कंपनीचा मालक. त्यानं पंचवीस फुटी, आठ टनी ‘जिप्सी व्हॅन’ बांधून घेतली आणि बायकामुलांना घेऊन न्यूयॉर्कहून सॅन फ्रान्सिस्को गाठलं. आत स्वतःची वीज होती, स्वयंपाकघर होतं, पुस्तकांचं लपतं कपाटही होतं. बाहेर मात्र रस्ता म्हणावा असं फारसं काही नव्हतं. चार वर्षांनी, १९१९ला, अमेरिकन लष्कराचा मोटारताफा वॉशिंग्टनहून त्याच शहराकडे निघाला तेव्हा त्याला बासष्ट दिवस लागले. त्या ताफ्यात आयझेनहॉवर नावाचा एक तरुण अधिकारी होता. राष्ट्राध्यक्ष झाल्यावर १९५६ साली त्यानं आंतरराज्य महामार्गांच्या कायद्यावर सही केली. आज आपण ज्याला अमेरिकन कुटुंबाची रोड ट्रिप म्हणतो ती त्या सहीच्या पुढची गोष्ट.

या धंद्याचे चढउतार भीषण असतात. २००९च्या मंदीत एल्कहार्टची बेकारी वीस टक्क्यांच्या आसपास पोहोचली. ओबामा पदावर आल्याआल्या तिथं जाऊन आले. मग करोना आला, विमानं बंद, हॉटेलांची भीती. २०२१ साली कारखान्यांतून सहा लाखांवर आरव्ही बाहेर पडल्या, आजवरचा उच्चांक. दोनच वर्षांत आकडा जवळपास निम्म्यावर आला. त्या वर्षी हौसेनं घेतलेल्या पुष्कळ गाड्या आता लोकांच्या अंगणात ताडपत्रीखाली उभ्या आहेत किंवा भाड्यानं दिल्या जातात. आमची त्यातलीच एक असावी. जातकुळी ‘क्लास सी’: ट्रकच्या सांगाड्यावर बसवलेलं घर, आणि ड्रायव्हरच्या डोक्यावर एक पलंग. तो पलंग पाहिल्याक्षणी भाच्यानं सगळ्या प्रवासाला मान्यता दिली.

जाहिरातींत दिसतं ते असं: बाबा गाडी चालवतायत, मागे टेबलाशी मुलं पत्ते खेळतायत, आई ओट्याशी सँडविच करतेय, काचेबाहेर डोंगर सरकतायत. हे चित्र धादांत खोटं आहे. चालत्या गाडीत मुलानं आपल्या कारसीटमध्ये पट्टा लावून बसायचं, बस. तेही समोर तोंड असलेल्या बाकावरच. आडव्या सोफ्यावर कारसीट लावायची नाही, असं कारसीट बनवणारेच सांगतात. बहिणीनं गाडी ठरवण्याआधी बाकी काही न विचारता डायनेटचे, म्हणजे जेवणाच्या टेबलाचे, फोटो मागवले होते. बाकडं कुठल्या दिशेला तोंड करून आहे, पट्टे कुठे नटबोल्टनं बसवलेत. त्या फोटोंवरून तिनं दोन गाड्या नाकारल्या. संडास मागे दहा फुटांवर आहे, पण गाडी थांबल्याशिवाय जायचं नाही. तीन वर्षांच्या मुलीला हे पटवणं म्हणजे काय, ते ज्यांनी पटवलंय त्यांनाच ठाऊक.

मग या गाडीचा फायदा काय? फायदा गाडी थांबल्यावर सुरू होतो. मोटेलमध्ये उतरणाऱ्या कुटुंबाला रोज सगळं उपसून आत न्यावं लागतं, रोज नवी खोली, नवा वास, आणि रात्री अकराला मूल विचारतं, आपण घरी कधी जायचं? इथं बाहेरचं राज्य बदलतं. उशी, चादर, दिव्याचं बटण तेच राहतं. भाचीनं तिसऱ्या रात्रीपासून त्या गाडीला घर म्हणायला सुरुवात केली आणि न्यू जर्सीच्या घराचं नाव काढणं बंद केलं. तिच्या आईला त्याचा थोडा धक्काच बसला. आरव्हीवाल्यांत स्वातंत्र्य हा शब्द फार वापरला जातो. लहान मुलांच्या बाबतीत तो मला चुकीचा वाटतो. मुलांना हवी असते ती दिनचर्या, आणि ही गाडी दिनचर्या उचलून नेते. दुपारी बाराला वरणभात, एकला झोप, सातला दूध, मग समोर ओहायोची मक्याची शेतं असोत की डाकोटाचं गवत.

दिनचर्येबरोबर घरकामही उचलून नेलं जातं, हे ओघानं आलंच. ओटा हातभर लांबीचा. मोहरीची फोडणी टाकली की धुराचा अलार्म किंचाळायचा आणि भाचा धावत जाऊन त्याखाली टॉवेल हलवायचा. ते त्याचं अधिकृत काम ठरलं. विजेची जोडणी तीस अँपिअरची असेल तर एसी, मायक्रोवेव्ह आणि पाण्याची किटली एकदम चालत नाहीत, ब्रेकर पडतो. गीझर सहा गॅलनचा, म्हणजे बावीस-तेवीस लिटर. शॉवरखाली उभं राहणाऱ्याला ते चारपाच मिनिटं पुरतं. आम्ही पहिल्याच डॉलर स्टोअरमधून प्लॅस्टिकची बादली आणि मग आणला, आणि तेवढ्या पाण्यात दोन्ही मुलं न्हाऊन वर मोठ्या माणसाचं तोंडही धुवून व्हायला लागलं. इतक्या पिढ्यांचा सराव कुठेतरी कामी यायलाच हवा होता.

सांडपाण्याचा हिशेब वेगळा. बेसिन-शॉवरचं पाणी ग्रे टँकमध्ये, संडासाचं ब्लॅक टँकमध्ये. दोन-तीन दिवसांनी डम्प स्टेशनवर जायचं, जाड नळी लावायची, आधी ब्लॅकची झडप उघडायची, मग ग्रेची, म्हणजे साबणाच्या पाण्यानं नळी धुतली जाते. उलट क्रम केला तर काय होतं ते सांगायला प्रत्येक कॅम्पग्राउंडवर एक उत्साही काका भेटतो. हे काम मेव्हण्यांकडे होतं. ते हातमोजे चढवून निघाले की मुलं रांगेत उभी राहून बघायची, परत आले की टाळ्या. आठवड्यातून तीनदा वीस मिनिटांचं हे काम दर फोनवर भारतात रंगवून सांगितलं गेलं. दिवसातून तीनदा होणाऱ्या स्वयंपाकाचं वर्णन कुणी कुणाला केल्याचं मला आठवत नाही. बहिणीला हे बोलून दाखवलं तर ती म्हणाली, “ताई, तू लेख लिही, मी भांडी घासते.” मग मी भांडी घासली.

आणि त्या स्वातंत्र्याचं वेळापत्रक सहा महिने आधी ठरलेलं असतं. केंद्र सरकारच्या अखत्यारीतल्या बहुतेक कॅम्पग्राउंडांचं बुकिंग साधारण तेव्हाच उघडतं, आणि जुलैतल्या चांगल्या जागा काही मिनिटांत जातात. बहीण जानेवारीत लॅपटॉप उघडून तात्काळ तिकिटासारखी टपून बसली होती. जागा मिळाल्या नाहीत तिथं खासगी कॅम्पग्राउंड. त्यांतली सगळ्यात मोठी साखळी केओए, १९६२ साली मोंटानातल्या बिलिंग्जला यलोस्टोन नदीच्या काठी सुरू झालेली. सिएटलच्या जागतिक प्रदर्शनाला निघालेली कुटुंबं रस्त्याकडेला मुक्काम करताना पाहून डेव्ह ड्रम यानं जागा दिली, वर गरम पाण्याचा शॉवर दिला. रात्रीचा दर पावणेदोन डॉलर. आता त्या दरात चहाही मिळत नाही. पण लहान मुलांसाठी या जागा उत्तम, कारण झोके, पोहण्याचा तलाव आणि कपडे धुण्याचं यंत्र एकाच कुंपणात असतात.

साउथ डाकोटात शिरलं की आय-९० महामार्गाच्या दोन्ही कडांना लाकडी पाट्या सुरू होतात: वॉल ड्रग, बर्फाचं पाणी फुकट. मैलोगणती तीच पाटी. भाचा नुकता वाचायला शिकलेला, त्यामुळे प्रत्येक पाटी मोठ्यानं. या पाट्यांमागची गोष्ट बहिणीला सांगितली तर ती मनापासून हसली. वॉल हे छोटंसं गाव. टेड आणि डोरोथी हस्टेड यांनी १९३१च्या मंदीत तिथं औषधांचं दुकान घेतलं, गिऱ्हाईक येईना. १९३६च्या उन्हाळ्यातल्या एका दुपारी डोरोथी मुलांना घेऊन आडवी झाली, पण रस्त्यावरून जाणाऱ्या गाड्यांच्या खडखडाटानं झोप येईना. ती उठली आणि नवऱ्याला म्हणाली, हे तापलेले प्रवासी तहानेनं व्याकूळ असणार, थंड पाण्याची पाटी लावूया. आज ते दुकान नव्हे, बाजारपेठ आहे. मुलांना दुपारी न निजवता आलेल्या आईनं उभी केलेली. पाणी अजून फुकट आहे. बाकी काही नाही.

तिथून जवळच बॅडलँड्स. माझ्या मते सगळ्या प्रवासातली लहान मुलांसाठी सर्वांत चांगली जागा हीच, आणि बहुतेक कुटुंबं ती दोन तासांत उरकून यलोस्टोनकडे पळतात. वाऱ्यापाण्यानं कोरलेले पट्ट्यापट्ट्यांचे मातीचे कडे, आणि इथला नियम असा की पायवाट सोडून कुठेही चालायला, चढायला मुभा आहे. ‘हात लावू नको’ हे वाक्य ज्या मुलांनी दिवसभर ऐकलेलं असतं त्यांना अचानक सगळं हाताखाली मिळतं. कड्याच्या टोकाशी त्यांची कॉलर धरून उभं राहणारं माणूस मात्र दर मुलामागे एक हवं. मला पुण्याहून का बोलावलं होतं, ते इथं नव्यानं समजलं.

राष्ट्रीय उद्यानांत ज्युनिअर रेंजर नावाची एक योजना असते. माहिती केंद्रावर वयाप्रमाणे वही मिळते. त्यातली चित्रं, कोडी, निरीक्षणं पूर्ण करायची, रेंजरला दाखवायची, उजवा हात वर करून शपथ घ्यायची, मग बिल्ला. खर्च नगण्य, परिणाम विलक्षण. भाच्यानं प्रेअरी डॉगची बिळं मोजली, जीवाश्माचं चित्र काढलं. रेंजर बाईंनी वही पानन् पान पाहिली, एक प्रश्न विचारला, उत्तर चुकलं तर पुन्हा जाऊन बघून यायला सांगितलं. सहा वर्षांच्या मुलाशी इतक्या गांभीर्यानं वागणारी सरकारी कर्मचारी मी दुसरी पाहिली नाही. भाचीनं शपथेतला एकही शब्द न कळता हात वर केला आणि बिल्ला झोपताना फ्रॉकवरून काढू दिला नाही.

मुलांच्या झोपेचा खरा शत्रू म्हणजे घड्याळं. पूर्वेकडून निघालं की चार वेळपट्टे ओलांडायचे. पोट न्यू जर्सीच्या वेळेनं भुकेजतं, सूर्य मात्र नऊनंतरही मावळायला तयार नाही. काचांना ॲल्युमिनियम फॉइल चिकटवून आम्ही रात्र बनवायचो. यावर आरव्हीवाल्यांचा एक ठोकताळा आहे: दिवसाला तीनशे मैलांच्या वर जायचं नाही, दुपारी तीनच्या आत मुक्कामी पोहोचायचं, एका जागी तीन दिवस राहायचं. लहान मुलं असतील तर तिन्हींच्या जागी दोन धरतात. आम्हाला दोनशे मैलही जड जात. वायोमिंगच्या वाऱ्यात तर हे चौकोनी घर शेजारच्या लेनमध्ये ढकललं जातं. जोराच्या वाऱ्यात असल्या उंच, हलक्या गाड्यांना तिथं रस्ता बंदच करतात.

हाच प्रदेश दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वी ओरेगॉन ट्रेलवरच्या मुलांनी पार केला होता. सिनेमात ती छतवाल्या बैलगाड्यांतून डोकावतात. प्रत्यक्षात गाडी सामानानं भरलेली असे आणि मुलं दोन हजार मैलांतली बरीचशी वाट पायी तुडवत. धावत्या गाडीवर चढताउतरताना चाकाखाली येणं हा मुलांचा नेहमीचा अपघात होता. आणि त्यांच्याही आधी इथं लाकोटा लोकांची मुलं घरासकटच फिरत होती: टीपी नावाच्या तंबूचे वासे घोड्याला बांधायचे, त्यावर सामान. १८६८च्या करारानं ब्लॅक हिल्स त्यांच्या ठरल्या, दहा वर्षांच्या आत सोन्यापायी काढून घेतल्या गेल्या. १९८० साली सर्वोच्च न्यायालयानं भरपाई मंजूर केली. त्यांनी पैसे घेतले नाहीत, जमीन मागितली. फिरणाऱ्यांना एका जागी डांबल्यानंतर त्याच माळांवर फिरणं ही मौज झाली, हे कॅम्पग्राउंडच्या माहितीपत्रकात छापत नाहीत.

यलोस्टोनबद्दल थोडक्यातच लिहिते, कारण मला तिथलं धड काही दिसलं नाही. मी भाचीचं मनगट पाहत होते. गरम झऱ्यांवरून लाकडी पायवाटा जातात, त्यांना पुष्कळ ठिकाणी कठडा नाही. खालचं पाणी उकळीच्या जवळ. आजवर वीसच्या वर माणसं त्यात भाजून गेलीत. गवा पंचवीस यार्डांपलीकडूनच पाहायचा, अस्वल शंभर. फिशिंग ब्रिजच्या मुक्कामात अस्वलांमुळे तंबूला मनाईच आहे, पक्क्या भिंतींचीच गाडी लागते. ओल्ड फेथफुलचं कारंजं साधारण दीड तासानं उडतं. आम्ही त्यासाठी तासभर बसलो आणि ते उडायच्या वेळेला भाचीला शू लागली. तिला तिथलं जे आवडलं ते म्हणजे पार्किंगमधला काळाभोर डोमकावळा.

हे सगळं स्वस्त पडतं का, असं मला परतल्यावर सगळ्यांनी विचारलं. नाही. गाडी गॅलनला आठ-दहा मैल देते, म्हणजे लिटरला साडेतीन-चार किलोमीटर. भाडं, मैलांचा आकार, एकमार्गी दंड, मुक्कामाचं शुल्क धरलं तर साधी मोटार आणि बऱ्यापैकी मोटेल यांच्याहून खर्च जास्तच येतो. आपल्याकडे हे होईल का, हाही प्रश्न हटकून येतो. महाराष्ट्र सरकारनं २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, गाड्याही दिसतात अधूनमधून. पण अमेरिकेत ही गोष्ट चालते ती गाडीमुळे नव्हे. दर पन्नास मैलांवर पिण्याच्या पाण्याचा नळ आणि मैला ओतायची झाकण असलेली जागा आहे म्हणून चालते.

कॅलिफोर्नियात उतरल्यावर गाडी परत करायच्या आदल्या दिवशी आम्ही माउंटन व्ह्यू गावातून जात होतो. गूगलचं मुख्यालय इथलंच. एका बाजूच्या रस्त्यावर आरव्हींची रांग उभी होती, पडदे ओढलेल्या, टायर बसलेल्या, एकीबाहेर मुलांच्या सायकली कुलूप लावून ठेवलेल्या. भाचा म्हणाला, “कॅम्पग्राउंड!” ते कॅम्पग्राउंड नव्हतं. या भागातली घरभाडी न परवडणारी कामकरी माणसं वर्षानुवर्षं अशी राहतात: सफाई कामगार, स्वयंपाकी, बांधकामवाले, काहींची मुलं शाळेत. नोव्हेंबर २०२०मध्ये गावानं मतदान घेऊन चाळीस फूट किंवा त्याहून अरुंद रस्त्यांवर असल्या मोठ्या गाड्या उभ्या करायला बंदी घातली. जून २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयानं उघड्यावर मुक्काम करणाऱ्यांना दंड करायची मोकळीक शहरांना दिली. आतून या गाड्या आमच्यासारख्याच असणार. तोच हातभर ओटा, तोच सहा गॅलनचा गीझर. फरक एवढाच की नळी जोडायला डम्प स्टेशन नाही आणि एक तारखेला मिळणारी किल्ली नाही.

मला बीड जिल्हा आठवला. दर हंगामाला तिथून ऊसतोडीच्या टोळ्या साखर कारखान्यांकडे निघतात, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत संसार आणि संसारावर पोरं. शाळेच्या हजेरीपटावर त्यांची नावं असतात, पोरं उसाच्या फडात कोप्यांतून राहतात. साखरशाळा झाल्या, हंगामी वसतिगृहं झाली, तरी मुलं आईबापांबरोबर जातातच, कारण धाकट्याला सांभाळायला थोरलं लागतं.

माउंटन व्ह्यूच्या त्या रांगेतल्यासारख्या मुलांसाठी अमेरिकेत एक कायदा आहे, १९८७चा मॅककिनी-व्हेंटो कायदा. दुसरी धड सोय नाही म्हणून जी मुलं मोटारीत, मोटेलात, ट्रेलरमध्ये किंवा कॅम्पग्राउंडवर राहतात ती बेघर धरायची आणि पत्त्याचा पुरावा, जुने दाखले यांची वाट न पाहता त्यांना लगेच शाळेत बसवायचं. नव्या घरी पोहोचल्यावर बहीण भाच्याच्या शाळाप्रवेशाचे कागद भरायला बसली, तेव्हा त्यांत हाच प्रश्न होता: विद्यार्थी सध्या कुठे राहतो? खाली चौकटी. मोटेल, निवारा केंद्र, मोटार, ट्रेलर किंवा कॅम्पग्राउंड. आदल्या आठवड्यापर्यंत खरं उत्तर शेवटच्या चौकटीत होतं. तिनं ‘स्वतःचं किंवा भाड्याचं घर’वर खूण केली आणि भाडेकरार व विजेचं बिल जोडायचं, म्हणून मेव्हण्यांना प्रिंटर कुठल्या खोक्यात आहे ते विचारलं.